हायलँडरमागे 3,900 पाउंडांचा ट्रेलर: ब्रेक कंट्रोलर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही डेन्व्हरला राहता, 2021 ची पेट्रोलवरची टोयोटा हायलँडर आहे, आणि एका अ‍ॅक्सलचा, इलेक्ट्रिक ब्रेक असलेला कॅम्पिंग ट्रेलर घेतला आहे. ट्रेलरचं भरून कमाल वजन 3,900 पाउंड. डीलर म्हणतो, ‘कुठलाही स्वस्तातला कंट्रोलर बसवा, सगळे सारखेच.’ मित्र म्हणतो, ब्लूटूथवाला घ्या. गाडी तुम्ही आणि तुमची पत्नी, दोघंही चालवणार. आणि पहिलीच सहल आय-70 महामार्गावरून डोंगर ओलांडून.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. कंट्रोलर म्हणजे गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारा डबा, आणि ते सगळे सारखे नसतात. प्रोपोर्शनल कंट्रोलर (गाडी जितक्या जोरात थांबते तितक्याच जोरात ट्रेलरला थांबवणारा) घ्या, आणि त्यातही असा घ्या ज्याचा हाताने ब्रेक लावायचा दांडा किंवा खटका ड्रायव्हरला न बघता सापडेल. टाइम-डिले प्रकारातला (ठरावीक वेळात ठरावीक जोर चढवणारा) घेऊ नका, फुकट मिळाला तरी नको. मी इथे 14 वर्षं ट्रेलर दुरुस्तीच्या कामात आहे. ही दोन वाक्यं मी रोज कुणाला ना कुणाला सांगतो आणि दर वेळी मनापासून सांगतो.

वजनाचा हिशेब आधी डोक्यात बसवा. पेट्रोलवरच्या हायलँडरची ओढायची मर्यादा 5,000 पाउंड आहे (हायब्रिडची 3,500, म्हणजे शेजारच्याची हायब्रिड मागून आणून हा ट्रेलर जोडू नका). 3,900 पाउंड म्हणजे जवळजवळ 1,770 किलो, तुमच्या गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा फारसं कमी नाही. गाडीचे ब्रेक गाडीसाठी आणि तिच्यातल्या माणसांसाठी बनवलेले असतात. मागचा ट्रेलर स्वतः थांबला नाही, तर त्यालाही गाडीनेच थांबवायचं. माझं लहानपण शिरोळ तालुक्यात गेलं. उसाने भरलेली बैलगाडी उताराला लागली की बैल पाय रोवून मागे रेलायचे, कारण सगळी गाडी त्यांच्या मानेवर यायची. बिनब्रेकचा ट्रेलर उतारावर तुमच्या गाडीचं तेच करतो. कोलोरॅडोत 3,000 पाउंड आणि त्यावरच्या ट्रेलरला ब्रेक कायद्यानेच लागतात. कॅलिफोर्नियात ही रेघ 1,500 वर आहे, टेक्सासमध्ये 4,500 वर. पण कायदा विसरा. ज्या रस्त्यावरून तुम्ही जाणार आहात तो रस्ताच ब्रेक मागतो.

आता ब्रेक काम कसे करतात ते पाहू, कारण निवड त्यावरच ठरते. ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक चुंबक असतो, एका लिव्हरच्या टोकाला बसवलेला. कंट्रोलरने निळ्या वायरमधून करंट सोडला की हा चुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, लिव्हर फिरते आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. जितका करंट जास्त, तितकी पकड जास्त. यातून एक गोष्ट लक्षात घ्या: चुंबकाला ओढणारं फिरणं नसेल तर ब्रेक लागत नाही. म्हणून हे ब्रेक उभ्या ट्रेलरला धरून ठेवत नाहीत. चढावर ट्रेलर सोडवताना चाकांना लाकडी किंवा रबरी ठोकळे लावायलाच हवेत.

म्हणजे कंट्रोलरचं काम एकच, पुढच्या ड्रायव्हरने ब्रेक किती दाबलाय हे ओळखून मागे तेवढा करंट पाठवायचा. ‘किती दाबलाय’ हे ओळखायचं कसं, इथे दोन प्रकार वेगळे होतात.

टाइम-डिले कंट्रोलर ते ओळखतच नाही. त्याला फक्त एवढं कळतं की ब्रेक लाइट लागला. मग तो तुम्ही ठरवून दिलेल्या कमाल आकड्यापर्यंत, ठरवून दिलेल्या वेळात, करंट चढवत नेतो. तुम्ही सिग्नलजवळ हलकेच पाय टेकवलात काय आणि समोर हरीण आलं म्हणून पाय रोवलात काय, त्याला दोन्ही सारखंच. वाहतुकीत रांगत जाताना ट्रेलर दर वेळी मागून हिसका देतो. मग लोक वैतागून तो आकडा कमी करतात. आणि जेव्हा खरंच थांबायचं असतं तेव्हा ब्रेक अपुरा पडतो.

माझ्या पहिल्या ट्रेलरला असाच कंट्रोलर होता. ट्रेलर विकणाऱ्या दुकानाने बसवून दिला होता आणि मी काही विचारलं नव्हतं. आय-70 वर पश्चिमेकडून गोल्डनकडे उतरताना, जिथे ट्रकवाल्यांसाठी ‘तुम्ही अजून खाली पोचलेला नाहीत, आणखी दीड मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत’ असा मोठा फलक आहे, त्याच्या जरा पुढे एका पिकअपने माझ्या समोर घुसून ब्रेक मारला. मी पूर्ण दाबला. पहिल्या सेकंदात मागे काहीच झालं नाही. हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात तिथे, धाडकन आवाज आला, गाडीला मागून धक्का बसला आणि आरशात ट्रेलर तिरका दिसला. मग त्याचे ब्रेक लागले आणि तो सरळ झाला. 55 मैलांच्या वेगाला एका सेकंदात गाडी 80 फूट जाते. ते 80 फूट त्या दिवशी माझ्याकडे होते, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी तो कंट्रोलर काढून टाकला.

प्रोपोर्शनल कंट्रोलरच्या आत वेग कमी होणं जाणवणारा सेन्सर असतो. गाडी जितक्या जोरात थांबते, तितक्या जोरात तो ट्रेलरला थांबवतो. हलका पाय, हलका ब्रेक. रोवलेला पाय, लगेच भरपूर ब्रेक. जुन्या कंट्रोलरमध्ये यासाठी लंबक असायचा. ते नेमके सपाट बसवावे लागतात आणि त्यांची पातळी हाताने जुळवावी लागते. नवे स्वतःच पातळी धरतात. फक्त त्यांचं तोंड गाडीच्या चालीच्या दिशेत सरळ असायला हवं, डावीउजवीकडे तिरकं बसवलेलं चालत नाही. टाइम-डिलेच्या बाजूने बोलायचं तर तो कसाही बसवता येतो आणि किमतीला निम्म्याहून कमी पडतो. सपाट मुलखात, शेतावर, हलक्या ट्रेलरला मी तो चालवून घेईन. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या माणसाने त्याचा विचारही करू नये.

दुकानात तुम्हाला ‘हा 8 ब्रेकपर्यंत चालतो, हा 6 पर्यंत’ असं सांगून महागडा कंट्रोलर दाखवतील. त्यात अडकू नका. 10 किंवा 12 इंची ड्रमचा एक चुंबक साधारण 3 अँपिअर घेतो. तुमच्या दोन चाकांचे 6 झाले. उद्या दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर घेतलात तरी 12. बाजारातला जवळपास कुठलाही प्रोपोर्शनल कंट्रोलर हे सहज पेलतो. पैसे द्यायचे ते क्षमतेसाठी नाही, सेन्सर, पडदा आणि दांडा यांसाठी.

दांड्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण डीलर त्याचं नावही काढत नाही. प्रत्येक चांगल्या कंट्रोलरला गाडीचे ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायची सोय असते. ही सोय कशासाठी? बाजूने मोठा ट्रक गेला, वारा आला, उतारावर वेग वाढला, की ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावे घ्यायला लागतो. त्या क्षणी माणसाचा पाय आपसूक गाडीच्या ब्रेकवर जातो आणि तेच चुकीचं असतं. गाडी पुढे थांबते, ट्रेलर मागून ढकलतो, हेलकावा वाढतो. बरोबर उपाय असा: स्टिअरिंग सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा आणि दांडा सरकवून फक्त ट्रेलरला ब्रेक लावायचा. मागून ताण आला की ट्रेलर सरळ होतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत करायचं असतं. त्या दोन-तीन सेकंदांत हात जिथे जाईल तिथे दांडा असायला हवा.

म्हणूनच मित्राने सुचवलेल्या ब्लूटूथवाल्याबद्दल माझं मन होत नाही. कर्ट एको हा त्यातला नावाजलेला. मागच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचा, डॅशबोर्ड उघडायची गरज नाही, एका गाडीतून काढून दुसरीला लावता येतो. प्रोपोर्शनल आहे, कामही नीट करतो. पण त्याच्या मूळ रचनेत हाताने लावायचा ब्रेक मोबाइलच्या पडद्यावर आहे. फोन तुमचा, गाडी पत्नी चालवतेय, पडद्यावर नकाशा उघडा आहे, आणि ट्रेलर हलायला लागला. हे चित्र डोळ्यांसमोर आणा. भाड्याच्या किंवा तात्पुरत्या गाडीला तो उत्तम. डोंगरात ट्रेलर नेणाऱ्या, दोन ड्रायव्हरांच्या कुटुंबाला नाही.

मग घ्यायचा कोणता? माझ्या हातून सगळ्यात जास्त बसवला गेलेला म्हणजे टेकॉन्शाचा प्रॉडिजी पी-3. साधारण दीडशे ते दोनशे डॉलर. डब्याखाली दांडा आहे, बोटांनी चाचपून सापडतो. पडदा मोठा आहे आणि बिघाड झाला तर ट्रेलर जोडलेला नाही, शॉर्ट आहे, करंट जास्त जातोय, असं शब्दांत दाखवतो. रात्री नऊ वाजता रस्त्याकडेला थांबून कोड शोधत बसावं लागत नाही. त्याचाच धाकटा भाऊ प्रायमस आयक्यू, तीन अ‍ॅक्सलपर्यंतचा. पैशांचा प्रश्न असेल तर तो घ्या, ट्रेलर थांबवण्याच्या कामात तुम्हाला उणीव जाणवणार नाही.

पण तुमच्या गाडीत एक अडचण आहे. हायलँडरमध्ये स्टिअरिंगखालच्या पॅनेलच्या आत ड्रायव्हरच्या गुडघ्यांसाठी एअरबॅग आहे. त्या पॅनेलला स्क्रू मारून डबा टांगायचा नाही, कुणी कितीही सराईतपणे ‘काही होत नाही’ म्हणालं तरी नाही. मधल्या कन्सोलच्या बाजूला, उजव्या गुडघ्याला न लागेल अशा जागी पी-3 सरळ बसत असेल तर बसवा. जागा मिळत नसेल तर अ‍ॅडलेडच्या रेडार्क कंपनीचा टो-प्रो एलिट घ्या. त्याचा मुख्य डबा डॅशबोर्डच्या आत कुठेही, कशाही कोनात घट्ट बसवता येतो. बाहेर फक्त एक छोटं गोल बटण येतं, रिकाम्या स्विचच्या जागेत मावेल एवढं. ते फिरवून जोर कमीजास्त करायचा आणि दाबून हाताचा ब्रेक लावायचा. पडदा नाही, फक्त रंग बदलणारा दिवा आहे, पहिले काही दिवस रंगांचे अर्थ लक्षात ठेवावे लागतात. हायलँडरमध्ये मी स्वतः बहुतेक वेळा हाच बसवतो.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे एफ-150, सिल्वराडो किंवा रॅमसारखा पिकअप आहे त्यांनी आधी डॅशबोर्ड नीट बघावा. कंपनीनेच बसवलेला कंट्रोलर असेल तर बाहेरचा घेऊ नये. कंपनीचा कंट्रोलर गाडीच्या ब्रेक यंत्रणेशी जोडलेला असतो आणि त्याची बरोबरी बाहेरचा डबा करत नाही. आणि ज्यांचा ट्रेलर बोटीचा आहे, त्याला बहुधा सर्ज ब्रेक असतील: ट्रेलर पुढे ढकलला गेला की त्याच्या पुढच्या जोडातला पिस्टन दाबला जाऊन आपोआप लागणारे. त्यांना कंट्रोलर लागतच नाही. इंग्लंडमधल्या कॅरॅव्हॅनचंही तसंच, तिथेही ट्रेलर पुढे ढकलला गेल्यावर लागणारे ब्रेक असतात. तेव्हा लंडनच्या भावाने ‘आम्हाला असलं काही लागत नाही’ म्हटलं तर तो त्याच्या जागी बरोबर आहे.

आता जोडणी. कंट्रोलरला चार वायरी असतात. पांढरी अर्थिंगची, काळी बॅटरीची, लाल ब्रेक लाइटच्या स्विचकडून, निळी ट्रेलरच्या ब्रेककडे. काळीवर तुमच्या दोन ब्रेकसाठी 20 अँपिअरचा सर्किट ब्रेकर, बॅटरीच्या जवळ. लाल वायर अशा जागी जोडायची जिथे ब्रेक दाबल्यावरच वीज येते. चुकून दुसऱ्या सर्किटवर जोडली तर नको तेव्हा ट्रेलरला ब्रेक लागतात, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गाडीच्या मागे चपटं चार पिनांचं सॉकेट असेल तर त्यात ब्रेकची वायर नसतेच. गोल सात पिनांचं बसवून निळी वायर पुढून मागेपर्यंत न्यावी लागेल. ती बारीक घेऊ नका, वाटेतच व्होल्टेज पडतं. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला हात लावायचा नाही. हे सगळं वाचून पोटात गोळा आला असेल तर बसवायचे पैसे द्या आणि स्वतः शेजारी उभे राहून बघा.

‘कंट्रोलर खराब आहे’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा कंट्रोलर ठणठणीत असतो. दोष असतो ट्रेलरच्या अर्थिंगमध्ये, चाकाजवळच्या गंजलेल्या जोडात किंवा सैल पडलेल्या शूमध्ये. तपासायची एक सोपी रीत सांगतो. गाडी बंद, शांत जागा, पत्नीला आत बसवून दांडा दाबायला सांगा आणि तुम्ही ट्रेलरच्या चाकाशी कान न्या. बारीक गुणगुण ऐकू येते, तो चुंबकात चाललेला करंट. दोन्ही चाकांशी सारखी यायला हवी. कानावर विश्वास नसेल तर ड्रमजवळ साधं होकायंत्र धरा, दांडा दाबताच सुई हलते. एका चाकाशी हलली आणि दुसऱ्याशी नाही, तर बिघाड कुठे आहे ते दहा मिनिटांत कळलं.

शू सैल असतील तर जगातला सगळ्यात महाग कंट्रोलरही काही करू शकत नाही. नव्या ट्रेलरचे ब्रेक पहिल्या 200 मैलांनंतर आणि मग दर 3,000 मैलांनी जुळवायचे असतात. चाक जॅकवर उचलायचं, मागच्या प्लेटच्या फटीतून चपट्या हत्याराने दातेरी चाक फिरवत ड्रम हाताने जेमतेम फिरेल इतका आवळायचा, मग साधारण दहा दाते सैल करायचे. ड्रम मोकळा फिरावा आणि शू हलकेच घासल्याचा आवाज यावा. काही नव्या ट्रेलरवर आपोआप जुळणारे ब्रेक येतात. तुमचे कोणते ते ट्रेलरच्या पुस्तिकेत बघा.

नवे शू ड्रमवर बसवूनही घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर 40 मैलांवरून 20 पर्यंत ट्रेलरच्या ब्रेकने वेग उतरवायचा, मध्ये थंड होऊ द्यायचं, असं वीस-तीस वेळा. पहिल्या आणि शेवटच्या वेळेतला फरक तुम्हाला पायाशी कळेल. त्याआधी जोराचा आकडा ठरवायला बसू नका, कारण तो पुन्हा बदलावा लागेल.

आकडा ठरवायचा तो ट्रेलर सहलीला भरतो तसा भरून, कोरड्या सपाट डांबरी जागेवर. 20-25 मैलांचा वेग घ्या आणि दांडा पूर्ण दाबा. ट्रेलर नुसता रेंगाळला तर आकडा वाढवा. चाकं जाम होऊन घासली तर कमी करा. जाम होण्याच्या जरा अलीकडचा आकडा तुमचा. पाऊस, बर्फ, खडी असेल तर आणखी खाली. पाण्याची टाकी रिकामी करून परत येताना पुन्हा बघा, हलक्या ट्रेलरची चाकं लवकर जाम होतात. पी-3 मध्ये बूस्ट नावाची वेगळी सोय आहे, ब्रेकची सुरुवातच जरा जोरात करणारी. तुमचा ट्रेलर गाडीच्या वजनाजवळ आहे, तेव्हा पहिल्या पायरीपासून सुरू करा.

ब्रेकअवे स्विच विसरू नका. ट्रेलर हिचवरून सुटलाच, तर गाडीला बांधलेली तार पिन खेचते आणि ट्रेलरवरची बॅटरी त्याचे ब्रेक लावते. पिन ओढून, ट्रेलर जरा पुढे घेऊन चाकं धरतात का ते सहलीआधी बघा आणि पिन लगेच परत बसवा, नाहीतर बॅटरी संपते आणि चुंबक तापतात. ही तार सेफ्टी चेनला बांधायची नाही. ती गाडीच्याच भागाला, स्वतंत्र.

आणि तो घाट. आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांवर आहे. त्यातून पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांबच लांब उतार आहे. वाटेत ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी खडीचे चढ केलेले दिसतील. बोगद्यातून निघतानाच गिअर खाली घ्या, इंजिनाला धरू द्या. ब्रेकवर पाय टेकवून ठेवत उतरू नका. वेग वाढला की नीट दाबून तो ताशी दहा मैलांनी उतरवा, पाय सोडा, थंड होऊ द्या, पुन्हा. सिल्व्हरथॉर्नला थांबून ट्रेलरच्या चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या, टेकवू नका. दोन्हीकडची धग सारखी हवी. एक गार आणि एक तापलेलं असेल तर एकटंच चाक काम करतंय.

निघायच्या आधीच्या रविवारी दोघंही एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा. तुम्ही आणि पत्नी, आळीपाळीने, नजर समोर ठेवून दहा-दहा वेळा दांडा शोधा आणि ट्रेलर नुसत्या दांड्यावर थांबवा. ज्याचा हात चाचपडतोय त्याच्यासाठी कंट्रोलरची जागा बदला, स्क्रू दोनच असतात.